चढावर वाट कोणाची?

आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की एक दृश्य नित्याचे होते. उसाने भरलेली बैलगाडी ओढ्यातून वर निघते. बैल माना खाली घालून, खुर रोवून चढाला लागलेले असतात. समोरून उतरणारा मोटारसायकलवाला, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, फार काय, एखाद्या पुढाऱ्याची मोटारसुद्धा क्षणभर कडेला होते. थांबा म्हणून कोणी हात दाखवत नाही. भरली गाडी चढावर एकदा थांबली की ती पुन्हा हलवणे किती कठीण, हे प्रत्येकाला ठाऊक असते. घाटरस्त्याचा वाहतूक नियमही हेच सांगतो: वाट अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला प्रथम जाऊ द्यावे. करंजीच्या घाटात गाडी चालवलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

हा साधा, शहाणा नियम आपली मुले ज्या महाविद्यालयांत शिकतात, तेथील पायऱ्यांशेजारच्या उतारावर मात्र आपण विसरतो. तेथे मोटारसायकली उभ्या असतात. कठड्याला टेकून तरुण मंडळी बसलेली असतात. परीक्षेच्या दिवसांत बैठकव्यवस्थेचा फलक नेमका त्याच उताराच्या तोंडाशी लावला जातो आणि त्याभोवती गर्दीचे कोंडाळे जमते. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो, आणि म्हणूनच या विषयाचा विचार करावासा वाटतो. दुष्टपणाविरुद्ध बोलणे सोपे असते. ज्यात कोणीच दुष्ट नाही अशा अन्यायाचे काय करायचे, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

रॅम्प हा शब्द आता मराठीत रुळला आहे. पायऱ्यांना पर्याय म्हणून बांधलेला हा सिमेंटचा उतार वरवर क्षुल्लक दिसतो. त्याचे गणित मात्र कडक आहे. एक फूट उंची गाठायची तर उतार निदान बारा फूट लांब हवा, असे बांधकामाचे प्रमाण आहे. सहा इंचांच्या सहा पायऱ्या चढून जोत्यावर जाणारा विद्यार्थी तीन फूट वर जातो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. तेवढ्याच उंचीसाठी व्हीलचेअरवरील विद्यार्थ्याला छत्तीस फुटांचा चढ चढावा लागतो. मध्ये विसाव्याची सपाट जागा धरली तर त्याहून अधिक. आणि हा चढ तो हातांनी चढतो. चाकाच्या कडेला असलेली गोल कडी दोन्ही तळहातांनी पुढे ढकलायची, चटकन हात मागे आणून ती पुन्हा धरायची, पुन्हा ढकलायची. दोन रेट्यांच्या मध्ये खुर्ची मागे सरकू पाहते. वाटेत दोघे मित्र गप्पा मारत उभे असले आणि ते बाजूला होईपर्यंत थांबावे लागले, तर तेवढा वेळ स्वतःचे आणि खुर्चीचे वजन मनगटांवर तोलून धरावे लागते. मागे फिरावे म्हटले तर तेही जमत नाही, कारण खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे पाच फुटांची सपाट जागा लागते. उतरतानाही सुटका नाही. त्याच कडीवर तळहात घासत वेग आवरायचा असतो. अशा वेळी कोणी धावत आडवे आले तर खुर्ची एकदम थांबवणे कठीण असते.

भरल्या बैलगाडीला जे लागू, तेच या मुलालाही लागू. फरक इतकाच, की बैलांचे कष्ट आपल्याला लांबून दिसतात.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात जाणारा एक तरुण मला अधूनमधून भेटत असे. विहिरीच्या कामावर पडून त्याच्या मणक्याला इजा झाली होती. महाविद्यालयाने रॅम्प बांधला होता, आणि तोही मापात. प्राचार्य सहृदय होते, वर्गातील मुले प्रेमळ होती. तरीही तो पहिल्या तासाच्या अर्धा तास आधी पोहोचायचा आणि सगळी पांगापांग झाल्यावर निघायचा. मध्यंतरी खाली उतरावे लागू नये म्हणून दुपारपर्यंत पाणी पीत नसे. मी त्याला म्हणालो, “अरे, कोणालाही सांगितलंस तर लगेच बाजूला होतील की!” तो म्हणाला, “होतात ना, फादर. कोणी नाही म्हणत नाही. चढायचं मला जड जात नाही. ‘जरा सरकता का’ असं म्हणायचं जड जातं. दिवसातून दहादा म्हणावं लागतं, आणि दहाही वेळा हसून म्हणावं लागतं.”

दुसऱ्या वर्षी त्याने घरी बसून मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेतला. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने आपल्या खेड्यापाड्यांतील हजारो मुलामुलींना पदवीपर्यंत नेले आहे, त्या संस्थेविषयी मला आदरच आहे. परंतु या मुलाला पदवीइतकीच वर्गातील बाकाशेजारची जागा हवी होती, मित्र हवे होते, गॅदरिंगमधला गोंधळ हवा होता. ते त्याला मिळाले नाही. आणि ते कोणी हिरावून घेतले म्हणून बोट दाखवायला गेलो, तर समोर एकही अपराधी सापडत नाही. सगळेच बाजूला होत होते; सगळेच आधी वाटेत उभे होते.

आता कायद्याचा भाग. अपंग व्यक्तींच्या समान संधींचा कायदा संसदेने १९९५ साली केला. २०१६ साली अधिक व्यापक कायद्याने त्याची जागा घेतली. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे, इमारती सुगम करण्याचे बंधनही आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की सुगमतेची मानके नुसत्या शिफारशींच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, ती सक्तीचीच हवीत. हे सर्व फार मोलाचे आहे, कारण त्यामुळे उतार बांधला जातो. या काळात शब्दही बदलत गेले: अपंग, विकलांग, मग दिव्यांग. दरवाजांची रुंदी मात्र शब्दांइतक्या झपाट्याने बदललेली नाही. असो. कायदा भिंतीपाशी येऊन थांबतो असे मी म्हणत नाही. पण उतार बांधून झाल्यावर त्यावर रोज सकाळी काय घडते, ते ठरवणारे आपण असतो.

तेथे सर्रास चालणारा नियम एकच आहे: जो आधी आला, त्याची जागा. तिकिटाच्या रांगेत हा नियम न्याय्य असतो, कारण रांगेत उभे राहणे सर्वांना जवळपास सारखेच शक्य असते. ज्यांची शक्ती सारखी नाही त्यांच्यात हाच नियम लावला तर काय होते, याचे चित्र संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे. यरुशलेममध्ये मेंढरेदरवाजाजवळ बेथेस्दा नावाचे तळे होते. संत अॅनाच्या चर्चशेजारी झालेल्या उत्खननात ते सापडले असून त्याच्या रुंद पायऱ्या आजही पाहावयास मिळतात. तेथे एक मनुष्य अडतीस वर्षे आजारी होता. पाणी हालले की जो प्रथम आत उतरेल तो बरा होतो, असा लोकांचा समज. (हा समज सांगणारे वाक्य सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, ते मागाहून आले असावे, आजाऱ्याची तक्रार मात्र सर्वत्र आहे.) त्याची तक्रार अशी, की मला तळ्यात सोडायला कोणी नाही, आणि मी जाईपर्यंत दुसराच कोणी माझ्याआधी उतरतो.

या तक्रारीतील अर्थ नीट पाहावा. आजाऱ्यांच्या शर्यतीत नेहमी सर्वांत कमी आजारी असलेलाच जिंकणार. ज्याला पाण्याची गरज सर्वांत जास्त, त्याचा क्रमांक कधीच लागणार नाही, आणि तरीही प्रत्येक विजेता म्हणू शकेल की मी नियम मोडला नाही. अडतीस वर्षे हा नियम प्रामाणिकपणे पाळला गेला होता.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकवताना नाट्यगृहाचे एक उदाहरण येत असे. रोमन विचारवंत सिसेरो म्हणतो, की नाट्यगृह सर्वांचे असले तरी ज्याने जे आसन घेतले ते तेवढ्यापुरते त्याचेच. चौथ्या शतकात कप्पदुकियाचे महागुरू संत बेसिल यांनी धनिकांना सुनावताना नाट्यगृहच पुढे केले, पण उलट बाजूने: आधी येऊन बसलेला मनुष्य मागून येणाऱ्यांना आत येऊच देत नाही आणि सर्वांसाठी असलेले ते आपलेच समजतो, तसे तुमचे वागणे आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या उदाहरणाचा निवाडा केला. त्यांचे म्हणणे असे, की आधी येण्यात दोष नाही. आधी येऊन जर तुम्ही मागून येणाऱ्यांची वाट सुकर केलीत तर ते योग्यच; त्यांना अडवलेत तर मात्र तो अपराध. मला हा निवाडा आपल्या रॅम्पला तंतोतंत लागू पडतो असे वाटते. चालत्या पायांनी रॅम्पवरून जाण्यात काहीच वावगे नाही. प्रश्न इतकाच, की तुमच्या असण्याने मागच्याची वाट उघडते की मिटते.

“पण फादर, रॅम्प दिवसभर रिकामाच असतो!” असे एक महाविद्यालयीन युवक मला म्हणाला. त्याचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. वापराविना पडून राहिलेली जागा वापरली तर बिघडले कोठे? याला उत्तर म्हणून एस.टी.तील राखीव आसन आठवावे. अपंगांसाठी राखीव असलेल्या आसनावर रिकाम्या गाडीत कोणी बसले तर आपण त्याला दोष देत नाही. कुबड्या घेतलेला प्रवासी चढताना दिसला, की बसलेल्याने उठायचे, एवढीच अपेक्षा असते. म्हणजे जी वस्तू गरजेच्या क्षणी तत्काळ परत करता येते, ती मधल्या काळात वापरायला हरकत नाही. कुलूप लावून उभी केलेली मोटारसायकल या कसोटीला उतरत नाही. तिचा मालक दुसऱ्या मजल्यावर अर्थशास्त्राच्या तासाला बसलेला असतो. तो मनाने कितीही चांगला असला, तरी तेथून त्याला गाडी हलवता येत नाही. शिवाय रॅम्प रिकामा का असतो, हाही प्रश्न विचारायला हवा. ज्याच्यासाठी तो बांधला तो घरी बसला असेल, तर रिकामेपण हा त्याच्या गरजेविरुद्धचा पुरावा कसा ठरेल?

म्हणून ‘फक्त अपंगांसाठी’ अशी पाटी लावून साखळी बांधणे हा उपाय मला पटत नाही. साखळीची किल्ली शिपायाकडे, शिपाई बँकेत, आणि खुर्ची खाली उन्हात, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. रॅम्प सर्वांनी वापरण्यात एक मोठा लाभही आहे. पाण्याचे जार, प्रयोगशाळेचे गॅस सिलिंडर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तेथूनच वर जातात. गुडघे दुखणाऱ्या प्राध्यापिका तेथूनच जातात. अमेरिकेत एड रॉबर्ट्स हा पोलिओने मानेखाली लुळा झालेला तरुण १९६२ साली बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा त्याला वसतिगृहात जागा देता येईना म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात राहावे लागले. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या चळवळीनंतर तेथील पदपथांच्या कडा उतरत्या झाल्या, आणि मग बाबागाड्या ढकलणाऱ्या आयांना, सामान वाहणाऱ्या हमालांनाही त्यांचा उपयोग झाला. आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र आपल्या घरातील तरुणांच्या हाती अवश्य द्यावे. वाट सर्वांची झाली की खुर्चीवरचा मनुष्य हा वेगळ्या दाराने येणारा पाहुणा राहत नाही. तो गर्दीतला एक होतो, आणि गर्दीतला एक होणे हेच तर त्याला हवे असते.

आणि गर्दी ही गर्दीच असते, सत्कार्यासाठी जमलेली असली तरी. संत मार्कच्या दुसऱ्या अध्यायातील कफर्णहूमचे घर आठवा. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर उचलून आणतात आणि दारात इतकी दाटी असते की आत जाता येत नाही. ही दाटी कोणाची होती? चोरांची, टवाळांची नव्हे. प्रभूचे वचन ऐकायला आलेल्या भाविकांची. शेवटी ते चौघे छपरावर चढले आणि छप्पर उकरून त्यांनी खाट खाली सोडली. ज्यांनी आपल्याकडची धाब्याची घरे पाहिली आहेत, त्यांना हे ‘उकरणे’ लगेच कळेल: तुळयांवर काटक्या, त्यावर मातीचा थर. आतल्या मंडळींच्या डोक्यांवर किती ढेकळे पडली असतील! त्या चौघांच्या विश्वासाची थोरवी आपण प्रवचनांत नेहमी सांगतो, आणि ती आहेच. मला मात्र त्या दारातील लोकांचे नवल वाटते. दहा माणसे दोन पावले सरकली असती, तर छप्पर शाबूत राहिले असते. कोणी सरकल्याचा उल्लेख नाही. सगळ्यांचे लक्ष प्रभूकडे होते आणि पाठ दाराकडे.

आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला एक खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी परंपरा आहे, आणि त्या खांबाला ‘पैस’ म्हणतात. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या एका निबंधसंग्रहाला तेच नाव दिले. पैस म्हणजे विस्तार, मोकळी जागा. रोजच्या बोलण्यात हा शब्द आता ‘ऐसपैस’मध्येच उरला आहे, आणि ऐसपैस म्हटले की आपल्याला स्वतःचे पाय पसरून बसणेच आठवते. वस्तुतः जागा ही दुसऱ्यालाही देता येते.

ती कशी द्यावी याविषयी थोडे सांगायला हवे, कारण उत्साही तरुणांकडून येथेही चूक होते. खुर्ची दिसली की न विचारता मागून ढकलायला धावणे ही मदत नव्हे. खुर्ची ही तिच्यावर बसलेल्याच्या शरीरासारखीच असते. अनोळखी माणसाने मागून येऊन आपल्याला खांद्याला धरून चालवले तर आपल्याला कसे वाटेल? त्याऐवजी चढावर खुर्ची लागलेली दिसताच आपण पायऱ्यांनी जावे, उतरत असू तर वरच थांबावे, आणि हे सर्व त्याने म्हणण्याआधी, गाजावाजा न करता करावे. ‘अरे सरका, सरका, दादाला जाऊ द्या’ अशी आरोळी ठोकली की तीस डोकी वळून पाहतात. ती आरोळी मारणारा मनाने चांगलाच असतो; ती ज्याच्यासाठी मारली जाते, तो मान खाली घालतो. आणि वाट मिळाली म्हणून त्याने आभार मानलेच पाहिजेत, अशी अपेक्षा नको. ज्याचे त्याला दिले तर तो न्याय होतो, दया नव्हे. आणि न्यायाची पावती कोणी मागत नाही.

दुसरी एक गोष्ट. रॅम्पवरून जाणाऱ्या धडधाकट दिसणाऱ्या प्रत्येकाला ‘तुला काय झालंय?’ असे विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मानली आहेत; त्यांतली कित्येक डोळ्यांना दिसत नाहीत. सिकलसेलची मुलगी, हृदयाची शस्त्रक्रिया झालेला मुलगा, फी भरायला आलेली गुडघेदुखीची आई, यांना पायऱ्या का नकोत, हे त्यांनी जाहीर करावे लागू नये. आपण आपल्यापुरते पाहावे. मला पायऱ्या झेपतात का, एवढे मला ठाऊक असते.

धर्मग्रामांनाही हे लागू आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला जादा खुर्च्या कोठे मांडल्या जातात, लग्नाच्या वेळी वऱ्हाडाचे छायाचित्र कोठे उभे राहून काढले जाते, मंडपाचा खांब नेमका कोठे रोवला जातो, हे आपापल्या चर्चपुढे एकदा पाहावे. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लोटणारी गर्दी आपण सर्वांनी अनुभवली आहे. तेथे आजाऱ्यांना घेऊन येणारी कुटुंबे किती असतात, हेही आपण पाहतो. यात्रेकरूंच्या त्या दाटीत वाट करून देणे हे कफर्णहूमच्या दारात कोणाला सुचले नव्हते ते करणे होय.

महाविद्यालयांतील मोटारसायकलींचा प्रश्न मात्र केवळ मनाच्या चांगुलपणाने सुटणारा नाही, हेही मान्य करायला हवे. मुले गाड्या रॅम्पपाशीच का लावतात, याचा शोध घेतला तर बहुतेक ठिकाणी कारण अगदी साधे निघते: तेथे सावली असते. इमारतीचा सज्जा रॅम्पवर आलेला असतो, आणि एप्रिलात आपल्याकडच्या उन्हात दोन तास उभ्या राहिलेल्या गाडीच्या आसनावर बसून पाहिले म्हणजे त्या मुलांचा फारसा राग येत नाही. तेव्हा फाटकाजवळ पत्र्याची एक शेड टाकावी, किंवा तोवर दोन-चार कडुलिंब लावावेत. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले खड्डे खणायला तयार असतात. जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी प्राचार्यांना भेटून एवढे सुचवायला पालकांना काहीच अडचण नसावी. शेडचा खर्चही चार पालकांनी मनावर घेतले तर फार नाही. जागा निवडताना रॅम्पपासून निदान पन्नास पावले लांब निवडावी, म्हणजे पाऊस आला तरी गाड्या पुन्हा तेथे सरकणार नाहीत.